माळ्यावरचं सोड्याचं खोकं किती जुनं?

नवरात्राच्या आधी घर झाडायला काढायचं, ही आपल्या सगळ्यांच्या घरची रीत. आमच्या साताऱ्याच्या घरी त्यात सगळ्यात अवघड काम म्हणजे माळा. ह्यांनी शिडीवर चढून एकेक वस्तू खाली द्यायची, मी ती झटकायची, आणि ठेवायची की काढायची ते आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, खुर्चीत बसून सांगायचं. आईंचं वय आता त्र्याऐंशी आहे. त्यांच्या मते घरातली कुठलीच वस्तू काढण्यासारखी नसते, हे निराळं सांगायला नको!

तर परवा माळ्याच्या अगदी कोपऱ्यातून सोड्याच्या बाटल्यांची दोन लाकडी खोकी निघाली. एक कधीकाळी पिवळं असावं, दुसरं लाल. कोळिष्टकं इतकी, की हात लावायची शिसारी यावी. खाली भंगारवाला उभाच होता. "देवदारी लाकूड हाये ताई, जळणात जाईल. दोन्हीचे मिळून शंभर देतो," म्हणाला. मी "ने बाबा" म्हणणार, तेवढ्यात आई म्हणाल्या, "त्या पिवळ्या खोक्यात माझ्या पाटल्या आहेत."

मी घाईघाईनं आत डोकावले. दोन गंजके बिल्ले आणि एक मेलेली पाल. दुसरं काही नाही. शिडीवरून हे हसले, "आई, पुन्हा तेच का?"

'तेच' म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमचं एस. टी. स्टँडजवळ कोल्ड्रिंक हाऊस होतं. २००४ साली ते बंद केलं. त्याच्या पाटीवर 'स्थापना १९६६' असं होतं, आणि घरात सगळ्यांना ठाऊक असलेली हकिगत अशी, की थोरले मामंजी मुंबईची गिरणी सोडून त्या साली गावी आले, त्यांनी भांडवल घातलं आणि दुकान सुरू झालं. आईंचं म्हणणं मात्र वेगळं. त्या म्हणायच्या, पानशेत फुटलं त्या साली माझं लग्न झालं, आणि पुढच्याच उन्हाळ्यात ह्यांनी माझ्या दोन तोळ्यांच्या पाटल्या सराफाकडे ठेवून सोड्याची आठ खोकी आणली. एका खोक्याला साडेबारा रुपये, आठ खोक्यांचे शंभर. हे त्या इतक्या वेळा सांगायच्या, की कुणी ऐकेनासं झालं होतं. कुणी खोडून काढलं नाही, आणि खरं तर कुणी धरूनही चाललं नाही. मीसुद्धा बत्तीस वर्षं नुसतं "हो ना आई" म्हणत आले.

त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, मी भंगारवाल्याला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं आणि दोन्ही खोकी गॅलरीत नेऊन ठेवली. त्या आठवड्यात मी जे शिकले, ते तुम्हांला सांगते. तुमच्याही माळ्यावर असं एखादं खोकं असेल. बाजारात आपण त्याला क्रेट म्हणतो, आणि टोमॅटोवाले तर 'कॅरेट'.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हल्लीच्या मुलींना प्लॅस्टिकची बाटली पिऊन टाकून द्यायची सवय. पण काचेच्या बाटल्यांच्या काळात आतलं पेय गिऱ्हाइकाचं आणि बाटली कंपनीची असे. दुकानदाराला बाटल्या आणि खोकं ह्यांचं डिपॉझिट आधी भरावं लागे. भरलेलं खोकं आलं की रिकामं परत द्यायचं. बाटली फुटली की तेवढे पैसे गेले! त्यामुळं छोट्या दुकानदाराचं भांडवल पेयात कमी आणि काचेत-लाकडात जास्त अडकलेलं असे. म्हणून ही खोकी इतकी मजबूत करत. दोन्ही टोकांना जाड फळी आणि तीत हात घालून उचलायची खाच, लांब बाजूंना त्याहून पातळ फळ्या, तळाला पाणी निथळावं म्हणून अंतर ठेवून ठोकलेल्या पट्ट्या, आणि फळ्या फाकू नयेत म्हणून कडेनं पत्र्याची पट्टी. आत पातळ फळकुटं एकमेकांच्या खाचेत बसवून केलेली घरं, बहुतेक वेळा चार गुणिले सहा, म्हणजे चोवीस.

ही घरंच पहिल्यांदा पाहावीत. बाटली बदलली की घर बदलतं. आपल्याकडची जुनी बाटली म्हणजे गोटीचा सोडा. गळ्यात गोटी अडकलेली ही बाटली इंग्लंडच्या हायरम कॉड ह्या गृहस्थाच्या डोक्यातून निघाली. त्याचं पक्कं पेटंट १८७२ सालचं. आतल्या वायूच्या जोरानंच गोटी वर रबराला घट्ट बसते, निराळं बूच लागत नाही. ह्या बाटलीची काच जाड आणि गळा चिमटा काढल्यासारखा, म्हणून घर ऐसपैस लागतं. नंतर आले आपण लहानपणी बिल्ले म्हणून जमवायचो ते दातेरी पत्र्याचे बूच. ते बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर ह्यांनी १८९२ साली काढलं. त्याच्या बाटल्या सडपातळ, घरंही लहान. घरांची फळकुटं गेली असतील तरी बाजूच्या फळ्यांना खाचा राहतात, त्या मोजाव्यात. तळाच्या पट्ट्यांवर बाटल्यांच्या बुडांची गोल वळंही उमटलेली असतात. खोकं खरोखर वापरलं गेलं, ह्याची ही चांगली साक्ष.

पण निव्वळ सुतारकामावरून साल ठरवायला जाऊ नये, असं माझं मत झालं आहे. आपल्याकडचे सुतार जुन्या पद्धतीनं नवं काम आणि नव्या पद्धतीनं जुन्याची दुरुस्ती करत आले आहेत. खोकं मोडलं की पट्टी बदलायची, खिळा उचकटला की दुसरा ठोकायचा. तळ तर सगळ्यात आधी कुजतो. आमच्या लाल खोक्याच्या तळाला तीन निरनिराळ्या प्रकारची लाकडं निघाली! म्हणून तळ सोडून टोकाच्या जाड फळ्यांकडं पाहावं. त्या सहसा बदलत नाहीत, आणि अक्षरंही तिथंच असतात.

अक्षरं हा खरा खजिना. ती पाहायची युक्ती सांगते. फळी ओली करू नका. संध्याकाळी, दिवेलागणीला, बॅटरी फळीच्या अगदी कडेला आडवी धरा. रंग उडालेला असला तरी त्याखालचं लाकूड कमी झिजलेलं असतं, त्यामुळं अक्षरांची कड सावलीनं दिसते. आमच्या पिवळ्या खोक्यावर दिवसा मला फक्त एक गोल दिसत होता. आडव्या उजेडात पुण्याच्या एका सोडा फॅक्टरीचं नाव उमटलं, आणि खाली इंग्रजी अक्षरांत 'पूना २'.

ह्या 'पूना २' नं मला पहिला धागा दिला. आपण पत्रावर सहा आकडी पिनकोड लिहितो, तो सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी मोठ्या शहरांत नुसता विभागाचा आकडा लिहीत, मुंबई ४, पुणे २ असा. तेव्हा खोक्यावर सहा आकडी पिन असेल, तर ते १९७२ च्या आधीचं असूच शकत नाही. उलट नुसता आकडा असला तर ते बहुधा आधीचं. 'बहुधा' अशासाठी, की पत्र्यात अक्षरं कापून केलेली स्टेन्सिल एकदा केली, की ती झिजेपर्यंत वापरतात. पिन आला म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी नवी स्टेन्सिल कापत नाही.

इथंच मला ह्या सगळ्या प्रकरणातली मुख्य गोष्ट उमगली. खोक्यावरची जुनी खूण फसवू शकते, नवी खूण फसवत नाही. जुनं नाव, जुना पत्ता मागून बरीच वर्षं चालू राहतो. पण जे अजून जन्मालाच आलेलं नाही, ते कुणी खोक्यावर लिहू शकत नाही. म्हणून खोक्यावर सगळ्यात उशिराचं काय आहे, ते शोधायचं. मग त्याच्या मागं जाता येत नाही.

गावांची आणि राज्यांची नावं ह्या कामी फार उपयोगी. मद्रास राज्याचं तामिळनाडू १९६९ साली झालं, म्हैसूरचं कर्नाटक १९७३ साली. इंग्रजीत 'बॉम्बे' चं 'मुंबई' झालं ते १९९५ साली. मापंही पाहावीत. खोक्यावर औंस असेल तर ते जुनं. दशमान मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत रुळली. पैशांचंही तसंच. १ एप्रिल १९५७ ला आणे गेले आणि नवे पैसे आले. त्यांच्या नावातला 'नवे' हा शब्द सरकारनं १९६४ साली काढून टाकला. आणि पेयांची नावं? ती तर आपल्याला कॅलेंडरसारखी पाठ असायला हवीत, कारण आपल्या लग्नामुंजीत तीच फिरली!

मुंबईचं ड्यूक्स १८८९ सालचं. दिनशाजी पांडोळे ह्या पारशी गृहस्थांनी ते काढलं आणि १९९४ साली ते पेप्सीकडे गेलं. म्हणजे नुसतं ड्यूक्सचं नाव पाहून काही ठरत नाही, एकशेपाच वर्षांत ते कुठंही बसतं. कोका-कोलाचं मात्र सोपं आहे. १९७३ च्या परकीय चलन कायद्यानं परदेशी कंपन्यांना इथला आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणायला सांगितलं. कोका-कोलाला ते पटलं नाही, आणि जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना १९७७ साली ती कंपनी देशातून गेली. तिच्याबरोबर फँटाही गेलं. मग पार्लेचं थम्स अप आलं, दिल्लीचं कॅम्पा कोला आलं, आणि सरकारनंही म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेकडून कृती घेऊन 'डबल सेव्हन' काढून पाहिलं. ते काही लोकांच्या जिभेवर बसलं नाही. कोका-कोला परत आलं १९९३ साली, आणि आल्याबरोबर त्यांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही नावं विकत घेतली. तोवर लाकडी खोक्यांची जागा प्लॅस्टिकच्या क्रेटनं घ्यायला सुरुवात केलेलीच होती. म्हणून तुमच्या माळ्यावर कोका-कोलाचं लाकडी खोकं असेल, तर ते बहुतेक १९७७ च्या आधीचं. आमचं लाल खोकं तसलंच निघालं. आईंनाही ते आणीबाणीतलं म्हणून आठवत होतं. थम्स अपचं लाकडी खोकं असेल तर ते १९७७ च्या आधीचं असूच शकत नाही, मग विकणारा काहीही सांगो.

विकणाऱ्यावरून आठवलं. माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिला जुन्या बाजारातून वस्तू आणायचा भारी नाद. ती म्हणाली, "मावशी, इथं तर लोक ह्या खोक्यांची भिंतीवर मांडणी करतात, आणि खोकं नेमकं कुठल्या सालचं ह्यावरून तासन् तास वाद घालतात." तिकडं ते थोडं सोपं आहे म्हणा, कारण कितीतरी खोक्यांवर टोकाच्या फळीच्या कडेला ती बनवणाऱ्या कारखान्याचं नाव आणि महिना-साल बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं. तिच्या खोक्यावर ते नव्हतं. पण पत्त्यात पाच आकडी झिप कोड होता. आपल्या पिनसारखाच तो, तिकडं १९६३ साली सुरू झाला. दुकानदारानं तिला 'दुसऱ्या महायुद्धातलं' म्हणून विकलं होतं! पेप्सीच्या खोक्यांवर तिथले जाणकार म्हणे 'पेप्सी' आणि 'कोला' ह्या दोन शब्दांच्या मधली खूण पाहतात. १९५० च्या सुमारापर्यंत तिथं दोन ठिपके असत, मग एकच राहिला. आपण साडीचा पदर पाहून पैठणी ओळखतो, त्यातलाच हा प्रकार.

तिकडच्या ह्या हौसेचं वारं आता इकडंही आलं आहे. पुण्यात घरसजावटीच्या एका दुकानात मी मुद्दाम गेले. तिथं एक खोकं 'अस्सल १९५० चं' म्हणून साडेचार हजारांना मांडलेलं. फारच देखणं. मी टोकाची फळी पाहिली तर इंग्रजी अक्षरांत 'मुंबई'! मराठीत आपण पहिल्यापासून मुंबईच लिहितो, त्यावरून काही ठरत नाही. पण १९५० साली कुठला कारखानदार इंग्रजीत 'बॉम्बे' सोडून 'मुंबई' छापणार होता? मी विक्रेत्या मुलीला विचारलं तर ती बिचारी म्हणाली, "मॅडम, तसा लूक आहे ना." लूक आहे, बाई, पण लूकचे साडेचार हजार?

म्हणून विकत घेताना अक्षरांखेरीज आणखी दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. खरं खोकं सगळीकडून सारखं झिजलेलं नसतं. हाताची खाच आतून गुळगुळीत असते, कारण हजारो वेळा तिच्यात बोटं गेलेली असतात. वरची कड आणि तळ घासलेले असतात, कारण एकावर एक थप्पी लावत. मधला भाग त्या मानानं शाबूत राहतो. नव्या खोक्याला जुनं करताना पॉलिश पेपर सरसकट फिरवतात, त्यामुळं जिथं हातच लागत नाही तिथलाही रंग उडालेला दिसतो. खिळ्यांभोवती पाहा. सोड्याची खोकी बर्फाच्या पाण्यानं सदा भिजलेली, त्यामुळं लोखंड आणि लाकडातलं तुरट द्रव्य मिळून खिळ्याभोवती काळसर डाग पडतो आणि तो लाकडात खोल शिरतो. नव्या खिळ्याला वरून गंज आणला तर डाग वरचेवरच राहतो. आणि आत वाकून वास घ्या. ताज्या पॉलिशचा वास आला की काय समजायचं ते समजा. चार फुल्यांच्या स्क्रूनं जोडलेलं खोकं 'स्वातंत्र्याच्या आधीचं' म्हणून कुणी दाखवलं, तर मी तरी पुढं ऐकून घेणार नाही.

आता पिवळ्या खोक्याकडं येते, कारण माझा जीव तिथं अडकला होता. 'पूना २' वरून ते बहुधा १९७२ च्या आधीचं, इतकंच कळलं होतं. पण आईंचं आणि पाटीचं भांडण तर १९६२ आणि १९६६ ह्यांचं! आतली घरं केव्हाच गेलेली. आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. मी पाहिलं, तर कपिलदेवचा हातात कप घेतलेला फोटो. म्हणजे १९८३! क्षणभर मी हिरमुसलेच. मग आई म्हणाल्या, "अगं, तो कागद मी लावला. लोणच्याच्या बरण्या ठेवायची मी त्यात." आतला कागद खोक्याचं वय सांगत नाही, कागद कधी लावला एवढंच सांगतो. माझ्यासारखी चूक करू नका.

आई म्हणाल्या, हे खोकं कधी परत गेलंच नाही, कारण मामंजी ते पालथं घालून गल्ल्यापाशी त्यावर बसत. बाकीची खोकी येत-जात राहिली, हे बसायचं म्हणून राहिलं. नंतर त्यांच्यासाठी खुर्ची आली आणि हे आईंकडं आलं.

कागद काढायला मी ओल्या फडक्याऐवजी वाफ वापरली. किटलीची वाफ लांबून दिली की खळ सुटते आणि कागद बोटानं निघतो. तिसरा तुकडा निघाला आणि टोकाच्या फळीच्या आतल्या अंगाला जांभळी अक्षरं दिसली. पूर्वी हिशोबाला कॉपिंग पेन्सिल वापरत, ओली झाली की जांभळी होणारी. त्या पेन्सिलीचं, मामंजींच्या वळणाचं अक्षर होतं. वर 'श्री'. खाली 'अक्षय्य तृतीया'. त्याखाली 'एकूण खोकी ८, डि. दर १२-५० न.पै.'

साल नव्हतं. मामंजींना तिथी महत्त्वाची वाटली असेल, साल काय, ते त्यांना ठाऊकच होतं!

मी ह्यांना हाक मारली. हे बँकेत होते, त्यामुळं कागदपत्राशिवाय कशालाही मान डोलवायची नाही, ही ह्यांची सवय. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग म्हणाले, "न.पै. म्हणजे १९५७ ते १९६४. पण लोक सवयीनं पुढंही लिहीत असत." ते खरं होतं, मी मघाशी तुम्हांला स्टेन्सिलबद्दल सांगितलं तसंच. मी म्हटलं, "बरं. पण आठ खोकी, साडेबारा रुपये दर, हे आईंना कुणी सांगितलं? ह्या कागदाखाली तर १९८३ पासून कुणी पाहिलेलं नाही." आणि उन्हाळ्याचं म्हणाल, तर अक्षय्य तृतीया वैशाखातच येते.

हे काही बोलले नाहीत. पण त्यांनी स्वतः जाऊन जुनी ट्रंक उघडली. दुकानाच्या वह्या त्यात होत्या. पहिली वही १९६६ ची. तिच्या पहिल्या पानावर थोरल्या मामंजींनी आणलेल्या पैशांची नोंद होती, आणि खर्चाच्या बाजूला बर्फाची पेटी, टेबलं, पाटी. पण त्याच पानावर, सगळ्यात वर, 'मागील शिल्लक माल' म्हणून एक ओळ होती, आणि तीत 'सोडा खोकी ८'. वही ह्यांनी वीस वेळा तरी चाळली असेल. 'मागील' ह्या शब्दाकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. थोरल्या मामंजींनी दुकान वाढवलं हे अगदी खरं, त्यांचं श्रेय कुणी काढून घेत नाही. पण ते आले तेव्हा आठ खोकी तिथं होती.

खोकं जपायचं ठरवलंत तर थोडं कामाचं सांगते, कारण उत्साहाच्या भरात मीही एक-दोन चुका करता करता राहिले.

जुनं खोकं घरात घेण्याआधी आठवडाभर गॅलरीत काळ्या कागदावर ठेवावं. कागदावर पिठासारखा ताजा भुगा पडला, तर लाकडाला कीड आहे. ती आधी घालवावी, नाहीतर तुमच्या शिसवी कपाटाला लागेल. भुगा नसेल, नुसती जुनी भोकं असतील, तर घाबरू नये. साफ करायला कोरडा मऊ ब्रश, मग घट्ट पिळलेलं फडकं, आणि लगेच सावलीत वाळवणं. कडक उन्हात टाकलं तर फळ्या फाटतात. धुण्याचा सोडा, ॲसिड, तारेची घासणी हे काही नको. आमच्या कामवाल्या बाईंनी तारेची घासणी हातात घेतलीच होती, 'पूना २' तेवढ्यात वाचलं!

जुन्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून पॉलिश पेपरनं कोरडं घासून धुरळा उडवू नका, घरात गरोदर सून किंवा रांगतं मूल असेल तर मुळीच नाही. अशा खोक्यात उघडं धान्य, कांदे-बटाटे किंवा तान्ह्या मुलाची खेळणी ठेवू नयेत. मासिकं, लोकरीचे गुंडे, कुंड्या ह्यांना चालेल. कुंडीखाली मात्र ताटली ठेवा.

लाकूड फारच कोरडं वाटलं, तर जवसाचं तेल फडक्यानं अगदी पातळ लावावं, पण अक्षरं असतील त्या फळीला लावू नये, रंग काळवंडतो. आणि एक गोष्ट आवर्जून. जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. मोकळ्या जागी पसरून वाळवावं, मगच टाकावं. वार्निश किंवा ऑइलपेंट देऊन 'नवं' करायचा मोह झाला, तर आधी फोटो काढून ठेवा, मागचं पुढचं आणि आतलं. रंगाखाली काय गेलं, ते मग निदान फोटोत राहील. विकायचं म्हटलं तरी लोक मूळ अक्षरांचेच पैसे देतात, चकचकीत रंगाचे नाही.

भंगारवाला ठरल्याप्रमाणे आला. ह्यांनीच त्याला परत पाठवलं, आणि वर चहा पाजला.

आईंना मी ती फळी दाखवली. त्यांना आता वाचायला त्रास होतो, म्हणून मी मोठ्यानं वाचलं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "मी सांगतच होते की," म्हणाल्या, जणू कालचीच गोष्ट. मग थोडा वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "पाटल्या सोडवल्या कधी, ते लिहिलंय का गं?"

मी दुसऱ्या टोकाची फळी पाहिली, तळही पाहिला. ते कुठं लिहिलेलं नव्हतं. आईंच्या हातात मी तरी कधी पाटल्या पाहिलेल्या नाहीत. नेहमी काचेच्या बांगड्याच.

पिवळं खोकं आता त्यांच्या पलंगाशेजारी पालथं ठेवलं आहे, औषधं, चष्मा आणि पाण्याचा तांब्या ठेवायला. ह्यांनी परवा रात्री मुंबईच्या चुलत दिरांना फोन केला आणि बराच वेळ बोलत होते. काय बोलले, ते मी विचारलं नाही. सकाळी मला म्हणाले, "ती जुनी पाटी कुठं ठेवली आहे गं? जरा खाली काढायला हवी."